घाट उतरताना बॅटरी भरलेली नको

पोरी, दिवाळीला मालवणला जायचं ठरलंय आणि दारात दोन गाड्या उभ्या आहेत. जावयांची पेट्रोलची जुनी आणि तुझी विजेची नवी. कुठली काढू, असं तू फोनवर विचारलंस. एका शब्दात उत्तर दिलं असतं तर ते अर्धवट झालं असतं. मी ३६ वर्षं टुरिस्टची गाडी चालवली, आणि आता तीन वर्षं तुझ्या भावाची विजेची गाडी त्याच रस्त्यांवर चालवतोय. दोघींचे स्वभाव हाताला ठाऊक झालेत, म्हणून सगळं सांगतो.

पहिली गोष्ट मनात पक्की कर. पेट्रोलच्या गाडीत आपण रस्ता ठरवतो आणि थांबा वाटेत सापडतो. विजेच्या गाडीत आधी थांबा ठरवायचा आणि मग त्याच्याभोवती दिवस बसवायचा. हे ज्याला जमलं त्याला ती गाडी त्रास देत नाही.

आणि थांबावं लागतं म्हणून नाक मुरडू नकोस. आमच्या फियाटच्या दिवसांत खंबाटकी किंवा बोरघाट एका दमात चढला, तर आम्ही मालकाला कौतुकाने सांगायचो. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, पंप कोरडा ओढायचा आणि गाडी जागच्या जागी बंद. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडून ठेवायचं, रेडिएटर निवायची वाट बघायची. घाई करून टोपण उघडलं तर उकळतं पाणी हातावर. डिकीत पाण्याचे दोन कॅन असल्याशिवाय मी घाटाकडे तोंड केलं नाही. तो अर्धा-पाऊण तास प्रवासात धरलेलाच असायचा आणि माणसं तेवढ्यात दशम्या सोडून बसायची.

मोटारीतून लांबचा पहिला प्रवास केला तो एका बाईनेच, हे तुला ठाऊक आहे का? ऑगस्ट १८८८, जर्मनी. बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझाइमला, माहेरी निघाली. साधारण १०० किलोमीटर. पेट्रोल पंप ही गोष्टच जगात नव्हती. विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानात डाग काढायला लिग्रोइन नावाचं द्रव मिळायचं, ते तिने विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली, उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं, आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. इंधन कुठे मिळेल, चढ चढेल का, उतारावर ब्रेक पुरतील का, या तिन्ही काळज्या तिलाही होत्या. तुझ्यापुढे आज त्याच आहेत.

आता इंधनाचा हिशोब. तुझी बॅटरी ४५ युनिटची. कंपनीने सांगितलेला आकडा विसर. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, हायवेला ८०-९० चा वेग, अशा गाडीला युनिटमागे सहा किलोमीटर धर. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीत २७०. त्यातला शेवटचा पाचवा हिस्सा आपला नाहीच असं समज. उरले २१६. पुणे ते कोल्हापूर २३० आहे, म्हणून कोल्हापूरपर्यंत न थांबता जायचा मोह धरू नकोस.

वेगावर लक्ष ठेव. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलीस की तो दीडपटीहून जास्त होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं, पण तिथे खर्च टाकीत लपतो आणि पुढच्या पंपावर भरून निघतो. विजेच्या गाडीत तो टक्क्यांत डोळ्यांसमोर दिसतो आणि पुढचा चार्जर ७० किलोमीटरवर असतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे, तिथे तर मी माणसांना हात जोडून सांगतो की विजेची गाडी ९०-९५ वर ठेवा. मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, मध्ये गाव लागत नाही, बाहेर पडायला ठरावीक इंटरचेंज. तिथे टक्के संपले तर बाजूला उभं राहण्याखेरीज काही हाती राहत नाही.

एकदा आमची चूक झाली ती सांगतो. पुण्याहून निघालो, मोबाइलवर एका हॉटेलातला चार्जर चालू दिसत होता. तिथे १४ टक्क्यांवर पोचलो. दोन गन होत्या, एक बंद, दुसरीवर गाडी लागलेली आणि मागे आणखी एक उभी. पुढचा चार्जर ३० किलोमीटरवर. एसी बंद केला, काचा थोड्या खाली घेतल्या, डावी लेन धरून ५० च्या वेगाने गेलो. पोचलो तेव्हा पाच टक्के होते. तुझी काकू मागे बसून स्तोत्र म्हणत होती. त्या दिवसापासून माझा नियम असा, की ज्या चार्जरवर थांबायचं तिथे २५ टक्के हातात ठेवून पोचायचं, म्हणजे तो बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत जाता येतं. आणि निघण्याआधी त्या हॉटेलात फोन करून माणसाच्या तोंडून खात्री करून घ्यायची. ॲपमधलं हिरवं टिंब तेवढ्यापुरतं ठीक आहे. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच उतरवून त्यांत पैसे भरून ठेव. ऐन वेळी ओटीपी आला नाही की सगळे रांगेत खोळंबतात.

तुमचा दिवस मी असा बसवला असता. घरून रात्रीच १०० टक्के. पहाटे पाचला निघा. कराडला नाश्ता, साधारण १६० किलोमीटर झालेले असतील, ४० टक्के उरतील. तिथे ८० पर्यंत भरा आणि गन काढा. ८० नंतर बॅटरी वीज हळूहळू घेते. शेवटचे २० टक्के भरायला आधीच्या ४० इतका वेळ जातो आणि मागचा माणूस ताटकळतो. कोल्हापुरात दर्शन आणि जेवण होईल तेवढ्यात पुन्हा ८०-८५. वहिनींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, गुडघ्यांना दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करणं लागतंच, म्हणजे हे थांबे त्यांच्यासाठीही हवेतच. पेट्रोलच्या गाडीत जावई सलग चार तास बसून राहतात आणि मग वहिनी दोन दिवस लंगडतात, हे मी पाहिलंय.

आता घाट. यावर जरा जास्त बोलतो, कारण दोन गाड्यांमधला खरा फरक मला घाटात कळला.

तुमच्या वाटेतली आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर. तिथून सावंतवाडी साधारण ३० किलोमीटर, जवळजवळ पायथ्याशी. माणसं आणि सामान धरून गाडी दोन टनांची होते. एवढं वजन सहाशे मीटर वर न्यायला सव्वातीन युनिट नुसती उंचीला लागतात, रस्त्याचा खर्च वेगळा. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त शक्ती उष्णतेत जाते, म्हणून त्याच उंचीसाठी सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं. आणि उतरताना पेट्रोलच्या गाडीला त्यातलं काहीच परत मिळत नाही, सगळं ब्रेकच्या गरमीत जातं. विजेच्या गाडीची मोटर उताराला डायनॅमोसारखी फिरते, गाडी आवरते आणि दीड-दोन युनिट बॅटरीत परत टाकते. घाट उतरून खाली आलो आणि टक्के वाढलेले दिसले, तेव्हा पहिल्यांदा मला खरंच वाटेना.

पण इथेच खोच आहे. तुम्ही आंबोलीत एक रात्र राहणार, असं वहिनी म्हणाल्या. हॉटेलवाला रात्रभर प्लग लावू देईल आणि सकाळी १०० टक्के बघून तुला बरं वाटेल. तसं करू नकोस. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग मोटर गाडी आवरत नाही, आणि तीस किलोमीटरच्या वळणांचा सगळा भार ब्रेकवर पडतो. तुला रिजनची, म्हणजे मोटरनेच गाडी आवरण्याची, सवय झालेली, पाय सैल सोडलास की गाडी हळू होते असं अंगात भिनलेलं. नेमकं त्याच वळणावर ती हळू होणार नाही. ८५ ला प्लग काढायला सांग आणि उतारात रिजन वरच्या पायरीवर ठेव. पाऊस असेल, रस्त्यावर माती आलेली असेल, तर मधल्या पायरीवर, नाहीतर ओढणारी चाकं घसरतात.

पेट्रोलची गाडी नेली तर जुनाच मंत्र: ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. दुसरा टाकून इंजिनाला गाडी धरू दे. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे मी दरीत गेलेले पाहिलेत. ब्रेक सतत दाबून ठेवू नये, दाबावा आणि सोडावा. जळकट वास आला की सुरक्षित जागी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबावं आणि चाकांवर पाणी ओतू नये. तापलेली डिस्क तडकते.

विजेच्या गाडीला आवाज नाही, हे आंबोलीच्या धुक्यात विसरू नकोस. आंधळ्या वळणावर हॉर्न दे. गावातल्या अरुंद रस्त्यात म्हातारी माणसं आणि गुरं मागून येणारी गाडी ऐकूनच बाजूला होतात, त्यांना तू ऐकूच जाणार नाहीस.

मालवणच्या घरी चार्जिंगचं आधी बघून घे. १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट जातात, रात्रभरात २५ सहज. पण जुन्या घरांत अर्थिंग नीट नसतं, जांभ्या जमिनीत ते मुळातच कमी धरतं आणि खड्डा कोरडा पडला की चार्जर लाल दिवा दाखवून बंद होतो. खड्ड्यात पाणी ओतून बघा, नाहीतर वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. बाजारात अर्थिंग फसवायचा तुकडा मिळतो. तो कुणी दिला तरी लावायचा नाही, गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो आणि त्या पडवीत मुलं खेळतात. एक्स्टेंशन बोर्डही नको, तासाभरात वितळतो.

पैशांचं थोडक्यात. पेट्रोल शंभरच्या वर, जावयांची गाडी भरल्या अंगाने लिटरला १४ देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. घरच्या विजेवर दीड-दोन, रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस धरले तर चार. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे शक्ती एक तृतीयांशाने कमी, म्हणून जुन्या गाडीचा जुना आकडा धरू नकोस. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली विजेच्या मोटारींची टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवरची. कोल्हापूरच्या रस्त्याला टोल धरूनच हिशोब कर.

निघण्याआधी दोन्ही गाड्यांत टायर बघायचे, हवा थंड टायरात भरायची. विजेची गाडी दोन-तीनशे किलोने जड असते, तिचे टायर लवकर झिजतात. तुझ्या गाडीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, हे आजच डिकी उघडून बघ. आणि एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत: विजेच्या गाडीतही साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. तीन वर्षं झाली असतील तर तपासून घे. गाडी बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू द्यायची नाही, चारही चाकं उचलणारी गाडीच बोलवायची. विम्यात ती सोय आहे का, ते जावयांना बघायला सांग.

पेट्रोलच्या गाडीची बाजू घ्यायची ती अशी. तिला पाच मिनिटांत पोट भरता येतं आणि पंप आडगावीही सापडतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, गणपतीत सगळी मुंबई कोकणात उतरलेली असेल, आतल्या वाड्यांतून दिवसभर फिरायचं असेल, तर तीच न्यावी. गणपतीच्या आठवड्यात एकेका चार्जरवर लागलेल्या रांगा मी पाहिल्यात. लहान मुलं घेऊन तिथे दोन तास उभं राहणं मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी, मधल्या वारी निघत असाल तर तुझी गाडी काढ. सुट्टी मिळाली नाही आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या गर्दीत निघावं लागलं, तर पेट्रोलची.

परतीचा घाट चढायचा आहे, तेव्हा उलट. मालवणहून निघायच्या आदल्या रात्री प्लग लावून ठेव आणि १०० पूर्ण होऊ दे. सावंतवाडीच्या पुढे चढ लागला की टक्के भराभर उतरताना दिसतील, घाबरू नकोस, वर सपाटीला लागलीस की त्यांचा वेग सावरतो. आजऱ्यात चहाला थांबलीस की मला फोन कर, किती उरलेत ते सांग, कोल्हापूरचं मी सांगतो.