दाट, कुरळ्या केसांचा टिकाऊ अंबाडा

दाट, कुरळे आणि जेमतेम खांद्यापर्यंत पोहोचणारे केस वर बांधणे हे सरळ, लांब केसांच्या अंबाड्यापेक्षा निराळे काम आहे. पीळ घालावा तर लांबी पुरत नाही. क्लचर लावावा तर त्याचे दात मिटत नाहीत. रबर लावावे तर दुसऱ्या वेढ्यालाच ते ताणून संपते. केस थरांमध्ये कापलेले असतील तर मानेवरच्या आखूड बटा तासाभरात सुटून बाहेर येतात. यावर बहुतेक जणी एकच उपाय करतात, तो म्हणजे अंबाडा आणखी आवळणे. त्याने काम भागत नाही आणि केसांचे नुकसान मात्र होते. कुरळ्या केसांचा अंबाडा टिकतो तो केसात केस अडकल्यामुळे आणि त्याचे वजन तीन-चार ठिकाणी वाटले गेल्यामुळे. हे एकदा ध्यानात आले की पाच मिनिटांत बांधलेला अंबाडाही संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही.

कुरळ्या केसाचा आडवा छेद गोल नसतो, लंबगोल असतो. तो त्वचेतल्या ज्या पिशवीतून उगवतो, तीही वाकलेली असते. वळणे घेत वाढणाऱ्या अशा केसावरून मुळाशी तयार होणारे तेल टोकापर्यंत सहजी उतरत नाही. त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके कोरडी अशी अवस्था या केसांत नेहमीची. शिवाय जिथे जिथे वळण, तिथे केस थोडा नाजूक असतो आणि ओढ बसली की बहुधा तिथेच तुटतो. केस दाट दिसतात म्हणून ते मजबूतही असतील, हा समज सोडून द्यायला हवा. एकूण केसांचा भार मोठा असतो, पण एकेक केस सरळ केसापेक्षा लवकर तुटतो.

पाण्याशी या केसांचे नाते नीट समजून घ्यावे. केसाच्या आत केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून न्हाल्यावर केस लांब व बरेचसे सरळ दिसतात आणि वाळता वाळता आखडून वर चढतात. ओला केस ओढला तर साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, आणि त्यापुढे ओढला तर त्याला कायमची इजा होते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत केस फुलतात, तेही याच बंधांमुळे.

सकाळच्या घाईत ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधण्याची सवय म्हणूनच सगळ्यांत वाईट. बांधताना केस आज्ञाधारक वाटतात, सपाट बसतात, आरशात चापूनचोपून दिसतात. मग ते वाळू लागतात, आखडतात आणि रबर जागचे हलत नसल्यामुळे सगळी ओढ कपाळाच्या आणि कानशिलांच्या मुळांवर येते. दुपारी डोके जड होते ते यामुळे. दाट केसांत अंबाड्याचा गाभा संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. तो सोडला की कुबट वास येतो आणि पावसाळ्यात खाजही सुटते.

रोजच्या ओढीने केस कायमचे जाऊ शकतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ग्रीनलंडमधल्या स्त्रिया केस डोक्यावर घट्ट ओढून बांधत. त्यांच्या कपाळालगत आणि कानांपाशी पडणाऱ्या टकलाची नोंद १९०७ मध्ये झाली. घट्ट वेण्या घालणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया आणि डोक्यावर जुडा बांधणारे शीख पुरुष यांच्यातही हा विकार आढळतो. त्याची सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी होते. अंबाडा सोडल्यावर मुळे दुखतात. केसांच्या रेषेवर बारीक फोड किंवा लाली दिसते. मग कानशिलावर, कानाच्या पुढे केस विरळ होतात. पुष्कळदा अगदी कडेला आखूड, पातळ केसांची एक झालर तेवढी शिल्लक राहते आणि तिच्या मागची जागा उघडी पडते. कडेचे ते केस बांधण्यात सापडलेले नसतात, म्हणून वाचतात. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले तर मुळांच्या जागी व्रण तयार होतो, आणि मग कोणतेही तेल किंवा औषध तिथे केस उगवू शकत नाही. झालर दिसू लागली की घरगुती उपायांत महिने न घालवता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

रोज केस बांधणाऱ्यांना अनुभवाने पटलेली एक सोपी कसोटी आहे. अंबाडा बांधून झाला की भुवया वर उचलाव्यात, मग मान खाली घालावी. कपाळाला किंवा मानेला ओढ जाणवली तर अंबाडा आवळलेला आहे. अशा वेळी तो पुन्हा बांधायची गरज नसते. मुळाजवळ तळहात टेकवून केस किंचित पुढे ढकलले की ओढ उतरते. ‘थोड्या वेळाने सैल होईल’ असे म्हणून तसेच निघू नये. कुरळे केस सैल होत नाहीत, मुळे सुन्न होतात.

अंबाड्याची तयारी आदल्या दिवशीच्या न्हाण्यात होते. गुंता ओल्या केसांतच, भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने सोडवावा. टोकांपासून सुरुवात करून हळूहळू वर सरकावे. कोरड्या कुरळ्या केसांतून फणी ओढली तर बटा विस्कटून केस पिंजून निघतात आणि मग कोणताच अंबाडा नीट बसत नाही. ताजे धुतलेले केस निसरडे असतात, दुसऱ्या दिवशीचे केस एकमेकांना चांगले धरतात. लग्नकार्याला जायचे असेल तर त्याच सकाळी न्हाण्यापेक्षा आदल्या दिवशी न्हावे.

खोबरेल तेलाबद्दल घराघरांत सांगितले जाते त्यात तथ्य आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. त्यांत केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्या मॅरिको कंपनीतले होते, हेही वाचकाला माहीत असावे. तेल लावायचे ते न्हाण्याआधी. बांधण्यापूर्वी मात्र चार-सहा थेंब टोकांना पुरतात, जास्त झाले तर पिना निसटतात. कडेच्या भुरभुरणाऱ्या केसांसाठी जवस उकळून गाळलेले जेल किंवा कोरफडीचे जेल बोटाने लावावे आणि वाळू द्यावे.

साधनांत रबर सर्वांत महत्त्वाचे. पुडीवर गुंडाळायचे उघडे रबरबँड केसांना कधीच लावू नयेत. ते केसाला चिकटतात आणि निघताना केस घेऊनच निघतात. कापडाने मढवलेले, जोड नसलेले जाड रबर किंवा स्क्रंची चांगली. रॉमी रेव्हसन या अमेरिकन गायिकेने १९८७ मध्ये स्क्रंचीचे पेटंट घेतले ते केसांना न दुखवणारे काही हवे होते म्हणून, आणि दाट कुरळ्या केसांना आजही तिच्याइतके सोयीचे साधन क्वचितच मिळते. सॅटिनची स्क्रंची मऊ असते पण घसरते, सुती पकड धरते पण केस कोरडे करते. दिवसभराच्या अंबाड्याला आत मढवलेले रबर आणि वरून सॅटिन स्क्रंची हा मेळ उत्तम.

पिनांचे दोन प्रकार, आणि त्यांची कामे वेगळी. दोन्ही पाय जुळलेली काळी पिन सुटी बट डोक्यालगत चापून बसवण्यासाठी असते. तिचा नागमोडी पाय खाली, डोक्याच्या बाजूला ठेवावा. बऱ्याच जणी ती उलटी लावतात आणि मग पिना टिकत नाहीत म्हणतात. अंबाडा पेलायचे काम आकड्यांचे, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारख्या मोकळ्या पिनांचे. आकडा सरळ खुपसला तर तो निसटतोच. त्याची टोके आधी अंबाड्याच्या कडेवरून बाहेरच्या दिशेने धरावीत आणि कडेची केसांची एक पातळ बट त्यांत पकडावी. मग टोके डोक्याला हलकेच टेकेपर्यंत न्यावीत, तिथे आकडा उलटा फिरवावा आणि आतल्या बाजूला, अंबाड्याच्या मध्याकडे सरकवावा. फिरवताना अंबाड्याचे आणि खालचे केस एकमेकांत अडकतात. हाताला किंचित अडथळा जाणवला म्हणजे आकडा बसला. सहजपणे सुळकन आत गेला तर त्याने काहीच धरलेले नसते, तो काढून पुन्हा लावावा. नीट बसलेले पाच आकडे कसेही खोचलेल्या वीस पिनांना भारी पडतात. टोकांवरचा प्लॅस्टिकचा मणी गेलेली पिन मात्र टाकून द्यावी, ती त्वचेला ओरखडते.

या लांबीला सर्वांत भरवशाचा अंबाडा म्हणजे दोन शेपटांचा. एका कानाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या कानापर्यंत बोटांनीच आडवा भांग पाडावा. वरच्या केसांचा शेपटा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालच्या केसांचा त्याच्या तीन-चार बोटे खाली बांधावा. प्रत्येक रबरात निम्मेच केस येतात, त्यामुळे ते न आवळताही घट्ट बसते, आणि मानेवरच्या ज्या आखूड बटा एका उंच शेपटापर्यंत पोहोचत नाहीत, त्या खालच्यात सहज येतात. मग वरच्या शेपटाला सैल पीळ देऊन तो खालच्या रबराभोवती गुंडाळावा आणि खालचा वर घेऊन वरच्या रबराभोवती. टोके आत दडपून चार बाजूंना चार आकडे लावावेत. बाहेरून एकच भरगच्च अंबाडा दिसतो, भार दोन ठिकाणी विभागलेला असतो. हात बसला की याला पाच मिनिटेही लागत नाहीत. केस कुरळे असल्यामुळे आत गंगावन किंवा डोनट घालावे लागत नाही. सरळ केसांच्या मैत्रिणींना जो फुगवटा विकत आणावा लागतो, तो इथे अंगचाच असतो.

नाचायचे, खेळायचे किंवा लोकलच्या गर्दीतून जायचे असेल तर दुमडलेली सागरवेणी अधिक पक्की. कपाळापासून तीन पेड घेऊन, प्रत्येक वळशाला दोन्ही बाजूंच्या थोड्या थोड्या बटा मिळवत मानेपर्यंत यावे. उरलेल्या आखूड शेपटाची साधी वेणी घालून ती आतल्या बाजूने वर दुमडावी आणि दोन आकड्यांनी अडकवावी. इथे रबराची ओढ जवळजवळ नसतेच, सगळ्या डोक्यावर भार पसरतो. पेड मुळाशी सैल आणि खाली येता येता घट्ट ठेवावेत. लहान मुलींच्या वेण्या घालताना हे विशेष पाळावे, कारण दुखत असले तरी त्या पुष्कळदा सांगत नाहीत.

क्लचर वापरायचा तर मोठा, दात लांब आणि आत वळलेले असलेला घ्यावा. सगळे केस एकाच वेळी त्यात कोंबू नयेत. खालचे निम्मे केस वर पिळून एका पिनेने धरावेत, वरचे निम्मे त्यावर आणावेत आणि क्लचरचे दात डोक्यालगतच्या केसांत व पिळात एकाच वेळी रुततील असा लावावा. नुसता पीळ पकडला तर तो पिळासकट खाली येतो. घरात, कचेरीत हा प्रकार झकास. मोटारीत मात्र क्लचर काढून ठेवावा. अचानक ब्रेक लागला तर डोके आणि सीटची पाठ यांच्यामध्ये ती टणक वस्तू येते.

हेल्मेटखाली उंच अंबाडा चालत नाही. हेल्मेट डोक्यावर पुरते न बसता वर तरंगते आणि अपघातात त्याचा उपयोग कमी होतो. दुचाकीवर जाणाऱ्यांनी मानेपाशी, हेल्मेटच्या कडेच्या खाली येईल असा सैल बुचडा किंवा आखूड वेणी बांधावी आणि हेल्मेटच्या आत येणाऱ्या भागात एकही पिन ठेवू नये. हेल्मेटच्या आधी डोक्याला पातळ सॅटिनचा रुमाल बांधला तर केस घासून पिंजत नाहीत.

गजऱ्याचा प्रश्न वेगळा. ओला मोगऱ्याचा दुपदरी गजरा चांगलाच जड असतो, आणि तो रबराला बांधला तर सगळा भार त्याच जागी लोंबतो. गजरा अंबाड्याभोवती वळवून त्याचा दोरा आकड्यांत अडकवावा, निदान तीन ठिकाणी. नऊवारीवरच्या खोप्यासाठी एवढी लांबी अपुरी पडते आणि गंगावन लावावेच लागते. त्याचा भार पेलायला आत सागरवेणीचा पाया घालून घ्यावा आणि कार्य आटोपताच ते उतरवावे.

एकच अंबाडा रोज त्याच जागी बांधू नये. जागा दोन-तीन बोटे वर-खाली केली तरी मुळांना विसावा मिळतो. सोडताना आधी सगळे आकडे, ज्या वळणाने घातले त्याच्या उलट फिरवत काढावेत, मग रबर ओढून न काढता वेढ्यावेढ्याने उलगडावे. त्यात गुंता झाला असेल तर तेलाचा थेंब लावावा, तरीही न सुटल्यास केसाऐवजी रबर कापावे. सोडल्यावर बोटांच्या पेरांनी डोके चोळावे, फणी लावू नये. हातात काही केस येतील त्याला घाबरू नये. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, आणि बांधलेल्या केसांतले गळलेले केस दिवसभर आतच अडकून राहतात. मुळाशी पांढरा ठिपका असलेला लांब केस आपोआप गळलेला असतो. ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले तर केस मध्येच तुटत आहेत आणि रबर किंवा पिना बदलायला हव्यात. झोपताना केस कपाळाच्या वर, अगदी सैल एका वेढ्यात स्क्रंचीने गोळा करावेत आणि उशीला सॅटिनचा अभ्रा घालावा. बटा मोडत नाहीत आणि सकाळी त्याच केसांचा पुन्हा अंबाडा बांधता येतो.