नाकापेक्षा मोती जड? : भ्रमणध्वनीच्या विम्याचा हिशेब

बेंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत वसली आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाले आणि हा भाग शहराशी अधिक जवळून जोडला गेला. बेळगाव वा सोलापूरकडून येथील एखाद्या कारखान्यात नोकरीस आलेल्या मराठी तरुणाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. त्याने मासिक हप्त्यांवर २०,००० रुपयांचा भ्रमणध्वनी संच घेतला. पावती करताना दुकानदाराने सुचविले, ‘‘आणखी १,५०० रुपये भरा आणि वर्षभर निर्धास्त राहा.’’ गावी पाठवायचे पैसे, खोलीचे भाडे आणि संचाचा हप्ता यांचा मेळ घालणाऱ्या या तरुणाने विमा घ्यावा की घेऊ नये?

विम्याचे मूळ तत्त्व

जे नुकसान स्वतःच्या बळावर सोसता येत नाही, त्याचा भार अनेकांनी मिळून उचलावा, हे विम्याचे मूळ तत्त्व होय. घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू, गंभीर आजार वा घरास लागलेली आग ही अशी संकटे होत. संचाची काच फुटणे त्रासदायक खरे. परंतु त्यामुळे संसार मोडत नाही. विमा कंपनीस जमा हप्त्यांतून दाव्यांबरोबरच कार्यालयाचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि नफाही काढावा लागतो. त्यामुळे सर्व ग्राहकांना मिळून परत येणारी रक्कम त्यांनी भरलेल्या रकमेहून कमीच असते. शिवाय या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन व आरोग्य विम्यास मिळालेली करमाफी या विम्यास लागू नाही.

आकडे काय सांगतात?

प्रत्येक योजनेच्या अटी निराळ्या असतात. तरीही विचारासाठी असे धरावे की, सहा महिन्यांनंतर घसाऱ्यापोटी किमतीच्या २५ टक्के रक्कम वजा होते आणि प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये ग्राहकाने सोसावयाचे आहेत. संच सातव्या महिन्यात चोरीस गेला, तर २०,००० मधून ५,००० आणि १,००० वजा जाता हाती १४,००० रुपये येतील. म्हणजे साधारणतः नऊ वर्षांतून एकदा संच चोरीस जाणार असेल, तरच भरलेला हप्ता वसूल होईल. काच बदलण्यास ५,००० रुपये लागले, तर कंपनी ४,००० देईल. येथे पावणेतीन वर्षांतून एकदा काच फुटली, तर हिशेब बरोबरीत सुटेल.

याउलट, तेच १,५०० रुपये दरमहा १२५ प्रमाणे आवर्ती ठेवीत टाकले, तर तीन वर्षांत ४,५०० रुपये आणि त्यावरील व्याज जमते. संच सुखरूप राहिला, तर ही रक्कम ग्राहकाचीच राहते. मात्र पहिल्याच महिन्यात संच हरवला, तर ठेवीत केवळ १२५ रुपये असतील, ही या मार्गाची मर्यादाही ध्यानात घ्यावी.

‘चोरी’ या शब्दाचा अर्थ

बहुतेक वाद हप्त्यावरून नव्हे, तर शब्दांवरून होतात. गर्दीत खिशातून संच नाहीसा झाला, तर ग्राहकाच्या लेखी ती चोरीच असते. परंतु काही योजनांत केवळ बळजबरीने वा कुलूप फोडून झालेली चोरीच ग्राह्य धरली जाते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने मालाच्या चोरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, विमापत्रात बळजबरीने प्रवेश करून झालेली चोरी अशी व्याख्या असेल, तर तीच बंधनकारक ठरते. त्या शब्दांचा सोयीचा अर्थ लावता येत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी पाहाव्यात :

१. खिसेकापूपणा आणि विसरून राहिलेला संच यांस संरक्षण आहे काय?
२. घसारा व ग्राहकाचा वाटा किती?
३. नुकसानीची सूचना किती तासांत द्यावयाची?
४. हे विमा कंपनीचे विमापत्र आहे, की विक्रेत्याची वाढीव हमी?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. विमा कंपनीविरुद्धची तक्रार, प्रथम कंपनीकडे लेखी मांडून समाधान न झाल्यास, विमा लोकपालाकडे विनामूल्य नेता येते. वाढीव हमीच्या बाबतीत मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग धरावा लागतो.

संचाहून मोलाचे

संचातील सिमकार्ड आणि त्यावर येणारे बँकेचे संकेतांक संचाच्या किमतीहून मोलाचे असतात. साधारण विमा संचाची भरपाई देतो, खात्यातून गेलेल्या रकमेची नव्हे. म्हणून संच हरवताच प्रथम सिमकार्ड बंद करावे आणि बँकेस कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेस कळविण्यापूर्वी त्याचे, तर कळविल्यानंतर बँकेचे असते. खात्यातून पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. त्यानंतर पोलिसांकडे नोंद करून, मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर संच रोखता येतो. त्यासाठी लागणारा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबल्यास दिसतो. तो आधीच वहीत लिहून ठेवावा. या कामास एक पैसाही लागत नाही.

तात्पर्य

ज्याच्या गाठीशी नवा संच घेण्याइतकी शिल्लक आहे, त्याने विम्यापेक्षा ठेवीचा मार्ग पत्करावा. त्याच्यासाठी हा हप्ता म्हणजे नाकापेक्षा मोती जड. परंतु ज्याचे हप्ते फिटायचे आहेत, ज्याची शिल्लक शून्य आहे आणि संचावाचून ज्याची रोजची कमाई थांबते, अशा घरपोच सेवा देणाऱ्या तरुणास पहिल्या वर्षापुरता, अटी वाचून घेतलेला विमा उपयुक्त ठरू शकतो. बोम्मसंद्र्याच्या त्या तरुणाने दुकानदारास उत्तर देण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : उद्या हा संच गेला, तर जुन्याचे हप्ते फेडीत नवा घेता येईल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ते १,५०० रुपये त्याच्याच खात्यात अधिक शोभतील.