रक्ताचा गट आणि करोना

नरसी नामदेवचा पार असो की हिंगोलीचा मोंढा, करोनाच्या दिवसांत एक बोलणे कानावर येई. एकजण म्हणे, "तात्या, माझं रगत ओ गटाचं हाय. मला काय बी व्हत नाही." दुसरा घाबरून विचारी, "माझं ए गटाचं. आता माझं कसं व्हावं?"

पहिला तोंडावरचा रुमाल सोडून खुशाल गर्दीत हिंडे. दुसऱ्याला रात्री झोप येत नसे. दोघांचेही चुकत होते. पण हे बोलणे अगदीच हवेतले नव्हते. त्याला थोडा आधार होता. तो किती होता, ते पाहू.

रक्त सर्वांचे लालच. पण रक्तात डोळ्यांना न दिसणारे बारीक लाल कण असतात. त्यांना लाल पेशी म्हणतात. या पेशींवर खुणा असतात. मोंढ्यात हळदीच्या पोत्यांवर आपण खूण करतो ना, तशाच या. पेशीवर एक खूण असली तर तो ए गट. दुसरी असली तर बी गट. दोन्ही असल्या तर एबी. दोन्ही नसल्या तर ओ गट. व्हिएन्ना शहरातील कार्ल लँडस्टायनर या डॉक्टरने १९०१ मध्ये यांतले ए, बी आणि ओ हे गट जगापुढे मांडले. त्याआधी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले, तर कधी माणूस वाचे, कधी दगावे. कारण कोणालाच कळत नसे.

रक्तात आणखी एक गोष्ट असते. तिला आपण जागल्या म्हणू. गावचा जागल्या अनोळखी माणसाला हटकतो. तसेच रक्तातले जागले परक्या खुणेला धरतात. ए गटाच्या रक्तात बी खुणेला धरणारे जागले असतात. बी गटात ए खुणेला धरणारे. ओ गटात दोन्ही खुणांना धरणारे असतात.

आता करोनाकडे वळू. हा रोग चीनमधील वुहान शहरात पहिल्यांदा दिसला. तेथे एका दवाखान्यातील १,७७५ रोग्यांचे गट तपासले. शहरातील इतर लोकांत १०० मागे सुमारे ३४ जण ओ गटाचे होते. रोग्यांत मात्र १०० मागे २६ निघाले. ए गटाचे इतर लोकांत ३२ होते, रोग्यांत ३८ निघाले. ही बातमी २०२० च्या मार्च महिन्यात जगभर गेली. काही शास्त्रज्ञांनी अंदाज केला की, ए गटाच्या माणसाच्या अंगात वाढलेल्या विषाणूवर ए ची खूण येत असावी. तो ओ गटाच्या माणसाकडे गेला, की तिथले जागले त्याला अडवत असावेत.

पण आकडा पुन्हा वाचा. १०० रोग्यांत २६ ओ गटाचे होतेच! ओ गट हे कवच असते, तर ते तेथे आले कसे?

मोजणीत आणखी एक खाच आहे. आपल्याकडे ओ आणि बी गटांचे लोक जास्त, ए गटाचे त्याहून कमी. मग दवाखान्यात बी गटाचे रोगी जास्त दिसणारच. आपल्या भागात सोयाबीनचा पेरा मोठा. म्हणून अवकाळी पावसात सोयाबीनचीच शेते जास्त भिजतात. त्यात पावसाचा सोयाबीनवर राग नसतो. म्हणून गावात त्या गटाचे मुळात किती लोक आहेत, हे आधी पाहावे लागते.

पुढे आणखी तपासण्या झाल्या. आपल्या देशातील सरकारी प्रयोगशाळांमधल्या दहा हजारांवर माणसांचे रक्त तपासले. त्यात ओ गटाला लागण कमी, बी आणि एबी गटांना जास्त, असे दिसले. दिल्लीच्या गंगाराम रुग्णालयाने २,५८६ रोगी पाहिले. तेथे ए आणि बी गटांना लागण जास्त, ओ आणि एबी गटांना कमी निघाली. म्हणजे एबी गटाचा निकाल दोन ठिकाणी उलटा! शिवाय, रोग जडल्यावर तो किती वाढेल, माणूस दगावेल की वाचेल, याचा गटाशी संबंध दिल्लीत दिसला नाही. अमेरिकेत एक लाखावर लोकांची तपासणी झाली. तेथे तर गटाने काहीच फरक पडलेला दिसला नाही.

(त्या प्रयोगशाळांच्या तपासणीत बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही लागण कमी दिसली होती. म्हणून कोणी बिडी पेटवू नये. धुराने फुप्फुसे खराब होतात, आणि करोना फुप्फुसांवरच बसतो.)

सगळे मिळून असे की, फरक असला तर तो थोडा आहे. हजारो लोक मोजल्यावर तो दिसतो. एकट्या माणसाला तो वाचवत नाही.

आपल्या हिंगोलीचेच पाहा. एप्रिल २०२० मध्ये राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना करोना झाला. मालेगाव आणि मुंबई येथे रोग पसरला होता. तेथील बंदोबस्त करून हे जवान परतले होते. रोगी माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून तो दुसऱ्याकडे जातो. बंद खोली आणि दाटी असली की लवकर जातो. रोगाचा जोर वाढतो तो म्हातारपणी, किंवा मधुमेह, दमा, हृदयविकार असला तर. लस घेतलेल्याला जीवघेणा आजार होण्याचा धोका बराच कमी. आपल्या देशात लस टोचणे १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्या वेळी कोणाचाही गट विचारला नाही. गरजच नव्हती.

मग गट माहीत असून काय उपयोग? उपयोग मोठा आहे, पण तो रक्त देताना-घेताना. बाळंतपणात बाईचे रक्त फार गेले, किंवा रस्त्यावर अपघात झाला, तर गट जुळवूनच रक्त देतात. तेथेही नुसत्या ओ या अक्षरावर विसंबून चालत नाही. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे यांनी एक नवाच गट शोधला. त्याला बॉम्बे गट म्हणतात. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचेच वाटते. पण त्यातले जागले ओ गटाच्या रक्तालाही परके समजतात. अशा माणसाला ओ गटाचे रक्त दिले, तर जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त चढवण्याआधी दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून पाहतात. त्याला वेळ लागतो. बाहेर नातेवाईक "रगत आणलंय, मग कामून लावत नाहीत?" म्हणून तगादा लावतात, तेव्हा आत हीच तपासणी चाललेली असते.