तारीख सांगून नीघ

औसा, जानेवारीअखेर

चि. मुक्ता,


काल रात्री अक्काचा फोन आला होता. नेहमीसारखं आधी तुझ्या पप्पांचं बीपी, मग तुरीचा भाव, आणि शेवटी हळूच, "मुक्ती पुढच्या आठवड्यात परत येतेय." मला बरंच वाटलं. पण पुढं ती म्हणाली, "छावणीतल्या पोरांना काही सांगणार नाही म्हणे. रडतील, हिलाही रडू येईल. पहाटेच गाडीत बसून सरळ इंफाळ." ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज हजेरी घेताना एकाच पोराचं नाव दोनदा पुकारलं, वर्ग हसला.

अक्काची भीती निराळी आहे. तिला तिथले रस्ते, चौक्या, गोळीबाराच्या बातम्या दिसतात. त्या मलाही दिसतात, पण त्यात तू सांभाळून राहशील एवढा भरवसा आहे. मला भीती आहे ती तू गुपचूप निघण्याची.

किल्लारीच्या भूकंपाचं तुला घरात कुणी धड सांगितलं नसणार. अक्का तो विषय निघाला की स्वयंपाकघरात जाते. देवघराशेजारी माझ्या भावाचा, तुझ्या बाळूमामाचा फोटो आहे आणि अनंत चतुर्दशीला आपल्याकडं गोड होत नाही, एवढंच तुला ठाऊक. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. पुढचं लिहीत नाही.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मी पाचवीत होते. मदत खूप आली, अगदी ढिगानं. जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजून कुजत पडलेला मी पाहिलाय. शिकवायलाही खूप जण आले. जो यायचा तो पहिल्या दिवशी कागद-खडू वाटून सांगायचा, "भूकंपाचं चित्र काढा." आम्ही चार-पाच वेळा काढल्यावर शहाणे झालो. पडलेलं घर, एक रडणारी बाई, वर ढग. साहेब खूश, आम्हाला बिस्कीट. आणि जो यायचा तो दोनच्या पाढ्यापासून सुरू करायचा. मी पाचवीत, शेजारचा गणू सातवीत, आणि आम्ही दोघं बे एके बे. आधीच्यानं कुठवर आणून सोडलंय हे नव्याला माहीतच नसायचं.

त्यात एक ताई होत्या. पुण्याच्या. गणित चांगलं शिकवायच्या, शिवाय माझी वेणी घालायच्या, कारण आईचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. एका सकाळी त्या आल्या नाहीत. आम्ही रस्त्याच्या कडेला उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशीही थांबलो. त्या दिवसांत सकाळी न दिसलेलं माणूस म्हणजे दबलेलं माणूस, आम्हाला एवढंच कळत होतं. मी रात्री अंथरुणात त्यांच्यासाठी रडले, बाळूसाठी रडले नव्हते तेवढी. दिवाळीनंतर त्यांचं कार्ड आलं. परीक्षा चालू आहे, सगळे अभ्यास करा. त्यांचं काहीच वाकडं झालं नव्हतं. आमचा निरोप घेणं त्यांना जड गेलं असणार, जसं तुला जातंय. पण त्यानंतर जे शिकवायला आले त्यांच्याजवळ मी बसले नाही.

आता तूच सांग, तुझ्या मोइरांगच्या छावणीतली पोरं यापेक्षा वेगळी असतील का? ३ मे २०२३ ला मणिपूर पेटल्यानंतर घरं सोडताना त्यांतल्या किती जणांना कुणी नीट सांगितलं असेल की आपण परत येणार नाही? आमची घरं जमिनीनं पाडली, तिच्यावर राग धरून तरी काय करणार? त्यांची माणसांनी जाळली. तोरबुंग, चुराचांदपूर तासाभराच्या वाटेवर, आणि मध्ये दोन्ही समाजांना वेगळं ठेवणारा 'बफर झोन'. पलीकडच्या छावण्यांत कुकी-झो पोरंही अशीच दुसऱ्याच्या शाळेच्या वर्गात झोपत असतील. साठ हजारांवर माणसं घराबाहेर पडली, त्यांतल्या कुणाला निरोप घ्यायला सवड मिळाली असेल? त्यात आता त्यांची ओजा, म्हणजे त्यांची बाईही पहाटे गायब.

हे तुला शोभत नाही, मुक्ता. रडू येईल म्हणून पळायचं? रडू दे की. तूही रड. वर्गात रडलेली बाई पोरं विसरत नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. उद्याच फळ्यावर तारीख लिही आणि सांग, या दिवशी मी जाणार, घरी जाणार, माझी आई वाट बघतेय. मैतेई भाषा येत नसेल तेवढी, तर एखाद्या मोठ्या मुलीला सांग, ती सांगेल बाकीच्यांना. परत येईन म्हणू नकोस, नक्की यायचं असल्याशिवाय. फोन करेन म्हणालीस तर कर. आणि एक वही घे, प्रत्येक पोरापुढं लिही: भागाकार कुठवर, इंग्रजी वाचन कुठवर, कुणाला चष्मा लागतोय, कुणाला मागं बसायला आवडतं. तुझ्यानंतर जो येईल त्याच्या हातात ती दे, नाहीतर त्या पोरांच्या नशिबीही पुन्हा बे एके बे. निरोपाच्या दिवशी फोटोसाठी ओळीनं उभं करू नकोस त्यांना. त्याचा आम्हाला फार वैताग यायचा.

रागावून लिहितेय खरी. पण मला कुठं असं जाता आलं? २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा आपल्याच भागातल्या बाया तिकडं गेल्या. किल्लारीनंतर गावोगाव संवाद सहायक म्हणून घरांच्या दुरुस्तीचं काम शिकलेल्या, साध्या घरच्या, काही तर पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडलेल्या. मला त्यांच्यासोबत जायचं होतं. बारावीची परीक्षा तोंडावर होती. मग सुट्टी, मग डीएड, मग लग्न. कुणी अडवलं नव्हतं, माझं मीच लांबवत गेले. आजही वाटतं, तिथल्या एखाद्या पोरीशेजारी बसून 'आमचंपण पडलं होतं' एवढं तरी म्हणायला हवं होतं मी. तू जायचं म्हणालीस तेव्हा अक्काशी मी का भांडले, ते आता कळलं असेल.

तू थकली आहेस हे मला कळतंय. मागच्या फोनवर आवाज बसलेला होता आणि केस गळतात म्हणालीस. परत येण्यात काही कमीपणा नाही. जन्मभर राहा असं मी कधी म्हटलं? तू तिथं पोरांना भागाकार शिकवलास, थंडीत त्यांच्यासोबत वरण-भात खाल्लास, हे माझ्याच्यानं झालं नाही. अक्काही बाहेर सगळ्यांना सांगत फिरते, तुला सांगत नाही एवढंच.

टपालानं हे वेळेवर पोचायचं नाही, म्हणून फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर फोन कर, मी वाचून दाखवते. येताना हैदराबादवरून ये आणि आधी लातूरला उतर. दोन दिवस इथं झोप काढ, मग घरी जा. अक्काला मी सांगते, ती ओरडेल ती माझ्यावर ओरडेल. हुरडा अजून आहे. बांधाकडच्या चार ओळी तुझ्यासाठी तोडू नका म्हणून काकांना सांगून ठेवलंय, आणि वेणी घालण्याइतके केस उरले असतील तर तेलही लावून देईन.

तुझी,
मावशी