वीस टनांचं धूड घसरेल कसं?

प्रश्न : बीडजवळच्या नारायणगडावर ट्रेलरवरून पोकलेन न्यायचं आहे. एवढ्या जड यंत्राला साखळ्या कशाला?

उत्तर : वजन जितकं जास्त, तितका ब्रेक लागल्यावरचा रेटाही जास्त. युरोपीय मानक पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर धरतं. २० टनांच्या यंत्राला १६ टन. लोखंडावर लोखंडाचं घर्षण मुळातच तुटपुंजं, त्यात पट्ट्यांना चिकटलेली ओली काळी माती म्हणजे वंगणच. ती खरवडा, खाली रबरी चटई घाला आणि चारही कोपऱ्यांतून स्वतंत्र साखळ्या निर्मात्याने दिलेल्या कड्यांना तिरक्या ताणा. चढावर भार मागे ओढला जातो, तेव्हा मागे घसरू न देणाऱ्या साखळ्याही तितक्याच भक्कम हव्यात. बकेट टेकवलं की पुरे, असं चालक म्हणतात; पण हायड्रॉलिकचा दाब हळूहळू उतरू शकतो, म्हणून बूमला वेगळी साखळी. दोरखंड? तो विसराच. थोडं अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा ताणा; धक्क्यांनी त्या सैल पडतात.