दोरा तुटला की सुईला बोल लावू नकोस

अगं, दोरा तुटला की तू आधी सुई बदलतेस, मग टेन्शनचा स्क्रू पिळतेस, आणि तरी भागलं नाही की मशीन विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतेस. थांब जरा. आधी दोऱ्याची वाट बघ. कोनापासून सुईपर्यंत तो कुठून कुठून जातो, कशाकशाला घासतो, ते सगळं बोटानं चाचपून बघ. तुझं लाँगआर्म सेकंडहँड आहे. त्याचे दोऱ्याचे गाईड आधीच्या मालकाकडेच कुठे तरी पडले, आणि त्यांच्या जागी आता एक सेफ्टी पिन, एक कागदाची क्लिप आणि वाकवलेली बांधकामाची तार आहे. जुगाड करण्यात कमीपणा काही नाही, आपलं अर्धं गाव त्यावरच चालतं. पण जुगाडात दोन जाती असतात. एक आजचा दिवस भागवतो, दुसरा वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो. तुला दुसरा करायचाय.

साध्या शिलाई मशीनवर हे इतकं जाणवत नाही. तिथं कापड आपण सरकवतो, मशीन जागच्या जागी. लाँगआर्मवर उलटं. गोधडी चौकटीवर रुळांना ताणलेली, आणि मशीनचं डोकं चाकांवर चारी दिशांना पळतं. दोऱ्याला सतत हिसके बसतात. त्यात वाटेत कुठे खरखरीत तार असली की तिथंच दोऱ्याचा जीव निम्मा होतो, आणि तुटतो मात्र सुईपाशी. म्हणून सुईवर आळ येतो.

आता तू म्हणशील, मऊ दोरा लोखंडाला काय करणार? विहिरीच्या काठच्या दगडावर पोहऱ्याच्या दोरानं पडलेल्या खाचा तू बघितल्यास ना, तसंच हे. त्यात पॉलिएस्टरच्या दोऱ्याची चमक मारायला धाग्यात टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड घातलेली असते, आणि ती पूड चांगली कडक असते. त्यावर आपल्याकडची धूळ. मऊ तारेवरून असा दोरा रोज पळाला की केसाएवढी खाच पडते. खाचेच्या कडा धारदार. मग पुढचा प्रत्येक वार दोरा त्याच खाचेत बसून खातो.

खाच डोळ्यांना लवकर दिसत नाही. त्याचं सोपं बघ. कानात घालायची कापसाची काडी घे, गाईडच्या आतून फिरव. कापसाचे तंतू अडकले की समज, तिथं कड आहे. दुसरं, सुईपाशी दोरा काप आणि एकेका गाईडच्या पुढून हातानं थोडा ओढून उजेडात धर. कुठल्या गाईडनंतर दोऱ्याला लव फुटते ते कळेल. गाईडखाली पांढरी भुकटी साचली असेल तर विचारायलाच नको. पण दोरा फक्त डावीकडे जाताना तुटतो आणि उजवीकडे नीट चालतो असं असलं, तर मात्र गाईडला सोड. तिथं सुई वाकते किंवा हुकचं टायमिंग सरकलंय. ते काम मिस्त्रीचं.

बरं, नवीन गाईड कुठून आणायचा? कंपनीचा मागवायला गेलीस तर परदेशातून येईपर्यंत लग्नसराई उरकेल. आणि आपण राहतो कुठं ते विसरलीस का? १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली, त्याच्याही आधीपासून तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर इथं मागावर बसलेत. चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आपल्या. ज्या गावात धागा दिवसरात्र पळतो, तिथं धाग्याला न कापणारी वस्तू मिळायलाच हवी. धोटा हातात घेऊन बघ कधी. ज्या छिद्रातून बाणा बाहेर येतो तिथं चिनी मातीची छोटी कडी बसवलेली असते. ताणा भरायच्या चौकटीवरही तशाच कड्या, कांड्या भरायच्या मशीनवरही. विणकराला हे कधीच कळलेलं आहे: धागा जिथं घासतो तिथं लोखंड ठेवायचं नाही.

तू जुळे सोलापुरात राहतेस आणि आसरा चौकाच्या पलीकडे यायला कंटाळतेस, हे मला माहीत आहे. पण एक दिवस गावात ये. अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, या भागात यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्यांना विचार. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडेही तसल्याच कड्या असतात. जाताना तुझा दोरा आणि रिकामा कोन बरोबर ने. ‘गोधडीच्या मशीनसाठी’ म्हणालीस की दुकानदार गोंधळेल, नाहीतर हसेल. त्यापेक्षा दोरा पुढे कर आणि ‘हा यातून जायचाय, कापला नाही पाहिजे’ एवढंच सांग. लगेच डबा उघडेल. कडी घेताना नख आतून फिरव, कुठे टवका उडालेला नाही ना बघ. आणि एक घेऊ नकोस, चार-पाच घे. नवीन सिरॅमिक कड्यांमध्ये ॲल्युमिनाच्या असतात त्या सर्वांत टिकाऊ. कडकपणाच्या मोस मापावर हिरा १० आणि ॲल्युमिना ९, मग दोऱ्यानं काय बिघडणार तिचं?

कडी बसवायची रीतही ऐक. ॲल्युमिनियमची जाड पट्टी घे, कडीच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित मोठं भोक पाडून घे. कडी भोकात ठोकायची नाही, स्क्रूनं आवळायची तर मुळीच नाही. चिनी माती दाबाला तडकते. दोन नळ्यांचा एपॉक्सी येतो ना, राळ आणि हार्डनर सारखं मिसळून, त्याचं पातळ वळं कडीच्या बाहेरून लाव आणि रात्रभर तसंच ठेव. आतल्या बाजूला थेंबभरही जाता कामा नये. झटपट चिकटणारा गोंद वापरू नकोस. तो आजूबाजूला पांढरी वाफ धरतो, आणि मशीनच्या थरथरीनं ठिसूळ होऊन सुटतो.

आणि दुकान बंद असलं, काम अडलं, तर तारेचा गाईड कर, पण रीतसर कर. स्टेनलेस स्टीलची साधारण दोन मिलिमीटरची तार घे. जस्ताचा मुलामा असलेली नको, तो मुलामा उडतो. पेन्सिलीएवढ्या जाड सळईवर तिला दीड वेढा दे, डुकराच्या शेपटीसारखं वळण येईल. या वळणाचा फायदा असा की दोऱ्याचं टोक ओवत बसावं लागत नाही, मधूनच अडकवता येतो. पण वेढ्याची दिशा बघ. कोनावरून दोरा सुटताना गोल फिरत वर येतो. तो ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेला वेढ्याचं तोंड उघडं राहिलं, तर दोरा स्वतःहून बाहेर पडेल. पडला तर वेढा उलट वळवून पुन्हा कर. कापलेली दोन्ही टोकं कानसून गोल कर आणि दोऱ्यापासून लांब वळव. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ४०० नंबर, मग ८००, मग १२००. तिथं थांब. आरशासारखं चकचकीत करायचा मोह होईल, करू नकोस. कृत्रिम धागा अगदी गुळगुळीत पृष्ठाला जास्त चिकटून चालतो, म्हणून कापडधंद्यातले कित्येक गाईड मुद्दाम किंचित मॅट ठेवतात. ही तार वर्षभर चालेल, जन्मभर नाही. महिन्यातून एकदा कापसाची काडी फिरवायची आणि खाच आली की वेढा थोडा फिरवून नवी बाजू पुढे घ्यायची.

आता जागा. चांगली कडी चुकीच्या जागी बसवली तर पैसे पाण्यात. पहिला गाईड कोनाच्या बरोबर मध्यावर, आणि कोनाच्या उंचीच्या अडीच पट वर हवा. कोन सहा इंची असेल तर त्याच्या बुडापासून पंधरा इंचांवर. त्याहून खाली असला की दोरा कोनाच्या कडेला घासत सुटतो. आणि हा गाईड मशीनच्या डोक्यावरच बसव. काही जणी भिंतीला खिळा मारतात किंवा पंख्याच्या हुकला दोरी बांधतात. डोकं पुढे गेलं की दोरा ताणला जातो, मागे आलं की ढिला पडतो, आणि टाक्यांमध्ये तो ताण उमटतो. गोधडीवर एक ओळ घट्ट, एक ओळ लोंबती, असं दिसलं तर टेन्शनच्या चकत्यांना हात लावायच्या आधी हा खिळा काढ.

वळणं कमी ठेव. ताण प्रत्येक वळणावर गुणाकारानं वाढतो. घर्षणांक ०.२ धरला तर काटकोनाचं एक वळण ताण सव्वापटीहून जास्त करतं, आणि अर्ध्या वर्तुळाचं जवळपास दुप्पट. म्हणून ‘असू दे अजून एक’ म्हणून गाईड वाढवायचे नाहीत. दोरा जिथं स्वतः सरळ जातो तिथं त्याला सरळ जाऊ दे. चकत्यांच्या आधीच्या तीन भोकांच्या पट्टीतून मात्र नेहमी सांगितल्याप्रमाणे ओव. तिथली वळणं मुद्दाम ठेवलेली असतात. आणि रेशमासारखा निसरडा दोरा कोनावरून सुटून खाली वेटोळी करत असेल, तर बाजारात सफरचंदावर येते ना फोमची जाळी, ती कोनाच्या बुडाशी गुंडाळ. फुकटात काम होतं.

एक गोष्ट मोठी म्हणून दरडावून सांगते. जुगाड जागच्या जागी बसणाऱ्या गाईडवरच. दोरा वर-खाली नेणारा हात, त्याच्याजवळची छोटी स्प्रिंग, सुईच्या दांड्यावरचा शेवटचा गाईड, यांना हात लावू नकोस. ते मिनिटाला हजारावर वेळा हलतात. त्यांच्यावर जराशी वजनदार तार बसवली तर उडून डोळ्यात जाईल, नाहीतर सुई मोडेल. तिथला भाग मोडला की तोच भाग मागव, महाग असला तरी.

आणि दोऱ्याला घसरू दे म्हणून मशीनचं तेल गाईडला लावायचं नाही. लोकांच्या नऊवारीवर डाग पडला की ती बाई परत येणार नाही. खास दोऱ्यासाठीचं सिलिकॉन तेल मिळतं, त्याचे दोन थेंब नमद्याच्या तुकड्यावर आणि तो तुकडा दोऱ्याच्या वाटेत. बास.

हे सगळं का सांगतेय? कारण दोऱ्याला फुटलेली लव शिवताना दिसत नाही. गोधडी घरी जाते, धुतली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्याला टाका उसवतो. नाव मशीनचं जात नाही, तुझं जातं. म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी एक आठवडा हातचा ठेव. सेफ्टी पिनी काढ, कड्या बसव, जुन्या चादरीवर हातभर शिवून बघ, उलटी बाजू आधी बघ. उरलेल्या कड्या डबीत घालून मशीनच्या पायाला बांधून ठेव, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

आणि अशोक चौकापर्यंत येऊन घरी न येता परत गेलीस, तर बघ हं.