सही करण्याआधी

विमान उड्डाणयोग्य आहे असे म्हणायचे, तर दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. विमान त्याच्या मान्य रचनेशी जुळले पाहिजे आणि आजच्या घडीला ते सुरक्षितपणे उडण्याच्या स्थितीत असले पाहिजे. नव्या कोऱ्या विमानात मान्य नसलेला एक बोल्ट बसला की पहिली अट मोडते, मग तो बोल्ट कितीही दणकट असो. सगळे भाग मान्यताप्राप्त आहेत, पण टायरला मर्यादेबाहेर चीर गेली आहे, तर दुसरी मोडते. देखभाल निरीक्षकाचे काम या दोन्ही अटी तपासून, पटल्यावरच आपल्या नावाने सही करण्याचे असते.

या कामामागची कागदपत्रांची साखळी एकदा नीट समजून घेतली की पुढचे पुष्कळ गोंधळ टळतात. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना उभी राहिली आणि कराराच्या आठव्या परिशिष्टात उड्डाणयोग्यतेचे किमान निकष ठरले. भारतात ते नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, राबवते. १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. रोजच्या कामाचे तपशील मात्र डीजीसीएच्या सीएआर या नियमसंचात सापडतात. विमानाच्या नमुन्याला टाइप सर्टिफिकेट मिळते. त्या नमुन्याच्या प्रत्येक विमानाला स्वतःचे सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दिनेस मिळते. ते जिवंत ठेवण्यासाठी ठरावीक मुदतीने फेरआढावा होतो आणि त्याचे एआरसी प्रमाणपत्र निघते. शेवटची कडी प्रत्येक दुरुस्तीनंतरची: सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस, हँगरच्या भाषेत सीआरएस. वरची सगळी प्रमाणपत्रे वैध असली तरी ही शेवटची सही नसेल, तर विमान जागचे हलत नाही.

डिंभे परिसरातल्या वाचकाला हे उदाहरणाने लगेच पटेल. घोड नदीवरच्या धरणाचा आराखडा एकदा मंजूर झाला. पण धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दर वर्षी पाहणी करावीच लागते. मंजुरी रचनेची असते, पाहणी स्थितीची असते, आणि एकीने दुसरीची गरज भागत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांचा विमानसुरक्षेच्या इतिहासाशी एक दुःखद संबंध आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले. त्यातले सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. चौकशीत ठपका आला तो दिशादर्शनातल्या चुकीवर: आपण प्रत्यक्षापेक्षा मुंबईच्या जवळ आहोत असा वैमानिकाचा समज झाला, आणि काळोखात विमान वेळेआधीच किमान सुरक्षित उंचीखाली उतरले.

हा अपघात बिघाडाचा नव्हता, म्हणून देखभाल विभागाला त्याच्याशी देणेघेणे नाही असे मानण्याची चूक शिकाऊ मुले हमखास करतात. पूर्ण चालू स्थितीतले विमान डोंगराला धडकण्याचे असे अपघात जगभर घडत राहिले, तेव्हा १९७० च्या दशकात जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र मोठ्या विमानांवर सक्तीचे होऊ लागले. पुढे त्यात भूप्रदेशाचा नकाशा भरला गेला आणि समोरच्या डोंगराचा इशारा काही सेकंद आधीच मिळू लागला. आज या यंत्राची स्वचाचणी घेणे आणि त्याचा नकाशासंच अद्ययावत आहे का ते पाहणे हे देखभाल विभागाचे काम आहे. नियमपुस्तकातली जी ओळ वाचायला कंटाळवाणी वाटते, तिच्यामागे बहुतेकदा एखादा डोंगर किंवा एखादा समुद्र उभा असतो. हे ज्याला उमगले, तो कलम पाठ करून थांबत नाही, त्याचे कारणही शोधतो.

सीआरएसवरच्या सहीचा अर्थ नेमका आहे: ठरलेले काम मान्य पद्धतीने, मान्य माहितीनुसार, योग्य हत्यारांनी आणि योग्य भाग वापरून पूर्ण झाले आहे, आणि सुरक्षेला बाधक असे काही सही करणाऱ्याला माहीत नाही. यातला ‘मान्य माहिती’ हा भाग सर्वात जास्त दुर्लक्षिला जातो. हात बसलेला माणूस मॅन्युअल उघडत नाही. आधीचा भाग काढला, तसाच दुसरा आणला, बसवला, झाले काम.

तसे केल्याने काय होते हे १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात दिसले. बर्मिंगहॅमहून निघालेले विमान १७,००० फुटांच्या वर गेले असताना कॅप्टनच्या समोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टनसह सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या थोडा काळ आधीच रात्रपाळीत बदलली होती. नव्वद बोल्टपैकी ८४ जाडीला सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी होते आणि उरलेले सहा लांबीला कमी. बदलणारा माणूस नवशिका नव्हता, तो पाळीचा व्यवस्थापक होता. काढलेला बोल्ट हातात घेऊन त्याने अपुऱ्या उजेडात नजरेने नवे बोल्ट जुळवले. भागांच्या सूचीत नंबर पाहायला काही मिनिटे लागली असती. शिवाय काढलेले बोल्टच मुळात चुकीच्या मापाचे होते, म्हणजे आधी कोणीतरी केलेली चूक नमुना म्हणून वापरली गेली. त्या कामाला दुसऱ्या व्यक्तीची स्वतंत्र तपासणी बंधनकारक नसल्याने ती चूक अडवायला कोणी उरलेच नव्हते.

यातून निघणारी सवय अशी: काढलेला भाग हा पुरावा नव्हे. नंबर सूचीतून घ्यावा, सूचीची आवृत्ती चालू आहे का पाहावे आणि त्या विमानाच्या अनुक्रमांकाला तो भाग लागू आहे का, याची खात्री करावी. स्टोअरमधून आलेल्या भागासोबत सीए फॉर्म १ किंवा त्याला समकक्ष परदेशी प्रमाणपत्र हवे. टॅगवरचा सीरियल नंबर आणि भागावर कोरलेला नंबर जुळला नाही, तर भाग परत करावा. टॅग हरवला असेल, तर तो भाग वापरण्याजोगा उरत नाही, मग तो कितीही नवा दिसो.

दुसरा धोका सवयीचा. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांतले तेल गळून गेले, कारण तेलातले धातूचे कण टिपणाऱ्या तिन्ही चिप डिटेक्टरवर रबरी ओ-रिंग बसवलेल्याच नव्हत्या. कामगारांना ते डिटेक्टर नेहमी रिंग लावूनच हाती मिळत असत, उड्डाणाआधीच्या रात्री तसे मिळाले नाहीत आणि कोणी पाहिले नाही. तिन्ही इंजिनांवर तेच काम एकाच रात्री, त्याच सवयीने झाले. म्हणून एकापेक्षा जास्त इंजिनांवर सारखेच काम करायचे असेल तर ते वेगवेगळ्या माणसांकडून किंवा वेगवेगळ्या वेळी करून घेण्याची पद्धत रूढ झाली. लहान हँगरमध्ये माणसे अपुरी असतात, हे खरे. तिथे निदान तपासणी तरी दुसऱ्याने करावी.

डोळ्यांना दिसत नाही ते कसे तपासावे, हा प्रश्न मुंबईने १२ ऑक्टोबर १९७६ ला अनुभवला. इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलने सांताक्रूझहून उड्डाण करताच इंजिनाच्या कंप्रेसरची चकती थकवा-भेगेमुळे फुटली, आग लागली, हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि ९५ जण गेले. अशा भेगांसाठीच ठरावीक तासांनी विशेष चाचण्या आणि चकतीला आयुष्यमर्यादा असते. मर्यादा संपली की चकती बदलायची, मग ती वरून कितीही चकचकीत असो.

दुरुस्तीतली चूक लगेच उघड होतेच असेही नाही. जपान एअरलाइन्सचे ७४७ विमान १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना शेपटीवर घासले. मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी सलग न बसवता तुकड्यांत बसली आणि रिव्हेटच्या दोन ओळींऐवजी भार एकाच ओळीवर आला. पुढे सात वर्षे ते विमान उडत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फाटली आणि ५२० माणसे मरण पावली. कागदावर दुरुस्ती पूर्ण होती.

प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रसंग इथे नोंदवण्यासारखा आहे. एका हँगरमध्ये पहाटे पाळी बदलत होती. भिंतीवरच्या हत्यारफलकावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली असते. त्या दिवशी छोट्या बॅटरीची आकृती रिकामी होती. टास्क कार्डवर मात्र ‘सर्व हत्यारे मोजून परत’ या ओळीपुढे जाणाऱ्या पाळीची सही होती. येणाऱ्या पाळीतल्या एका तरुण अभियंत्याने ती रिकामी आकृती पाहिली आणि विमान रोखून धरले. वेळापत्रकवाल्यांचे फोन सुरू झाले, बॅटरी कोणाच्या तरी खिशात असेल असे सांगून झाले. त्याने पंखाच्या मुळाजवळची झाकणे पुन्हा उघडायला लावली. बॅटरी फ्लॅपच्या दांड्याशेजारी पडलेली मिळाली. विमान उशिरा सुटले. न मोजता सही करणाऱ्याची चौकशी झाली आणि त्याचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. तो कामात हुशार होता आणि झाकणे त्याने नीट लावली होती. न पाहिलेल्या गोष्टीपुढे केलेली एक सही त्याला महागात पडली.

पाळी बदलताना तोंडी निरोप पुरत नाही. अर्धवट राहिलेले काम कार्डवर पायरीनुसार लिहावे: काय सैल आहे, काय फक्त हाताने लावले आहे, टॉर्क द्यायचा कुठे राहिला आहे. टॉर्क रेंचवरच्या कॅलिब्रेशनच्या चिकटपट्टीची तारीख उलटली असेल, तर त्या रेंचने केलेले काम मोजलेच गेले नाही असे धरावे. उड्डाणनियंत्रणाच्या दोऱ्या-दांड्यांना हात लागला असेल तर दोन अधिकृत व्यक्तींची वेगवेगळी तपासणी हवी. दुसऱ्याने पहिल्याच्या शब्दावर सही केली तर ती तपासणी एकच ठरते.

एखादा बिघाड असूनही उड्डाणाची मुभा देणारी यादी म्हणजे एमईएल. बी वर्गातला दोष ३ दिवसांत, सी वर्गातला १० दिवसांत आणि डी वर्गातला १२० दिवसांत दुरुस्त करावा लागतो. शोध लागला तो दिवस मोजत नाहीत. यादी मुदत देते, सूट देत नाही. दोष पुढे ढकलताना सोबतची देखभालविषयक अट, म्हणजे कुठला सर्किट ब्रेकर ओढून खूण लावायची, कुठला झडपमार्ग बंद ठेवायचा, ही पूर्ण झाली नसेल तर विमान सोडता येत नाही. एकामागून एक दोष ढकलले गेले असतील तर ते एकत्र वाचावेत. एकेकटे निरुपद्रवी असलेले दोन दोष मिळून वैमानिकाला आंधळे करू शकतात.

मोठ्या दुरुस्तीनंतरची पहिली भरारी वेगळ्या गंभीरतेने घ्यावी. २८ जून २०१८ ला जुहूहून निघालेले किंग एअर विमान दीर्घ दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात घाटकोपरला कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. त्या चौघांत देखभाल विभागाचे दोघे होते. चाचणी उड्डाणाला लागतात तेवढीच माणसे, ठरवलेली चाचणीसूची आणि उड्डाणाआधी नोंदवहीची पूर्ण उजळणी, यांत तडजोड करू नये.

जुन्नर, घोडेगाव, डिंभे भागातून या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींसाठी काही व्यावहारिक गोष्टी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यावे. संस्थेची जाहिरात पाहून प्रवेश न घेता सीएआर-१४७ खालील तिची मान्यता चालू आहे का आणि कोणत्या शाखेपुरती आहे, हे डीजीसीएच्या यादीत तपासावे. सीएआर-६६ चा परवाना मिळाला म्हणजे लगेच सहीचा अधिकार मिळत नाही. विमानाच्या नमुन्याचे टाइप रेटिंग आणि कंपनीचे अधिकारपत्र लागते, तसेच मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून स्वतःच्या कामाची वही ठेवावी: तारीख, विमान, काम, कोणाच्या देखरेखीखाली. परवान्याच्या अर्जाला ती लागते आणि चौकशीची वेळ आली तर सही करणाऱ्याने नेमके काय पाहिले होते, हे त्याच वहीतून दाखवता येते.